फ्लॅशची शिट्टी

"हाही खोटं बोलतोय," म्हणत मामांनी कानाशी धरलेला फ्लॅश काउंटरवर ठेवला.

काउंटरमागे कासमभाई मुजावर होते. त्यांनी कपाटातून पुढचा खोका काढला, नव्या फ्लॅशमध्ये सेल घातले आणि तो मामांच्या हातात दिला. मामांनी तो चालू करून कानाला लावला आणि डोळे मिटले. आठवडी बाजारात बायका गाडगं वाजवून घेतात तसं त्यांचं चाललं होतं. थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून फ्लॅश उडवला. भिंतीवर फिकट उजेड पडला आणि गेला.

"बघितलंस? शिट्टी थांबल्यावर मारला, तरी उजेड निम्माच. मला वाटत होतं माझा जुना एकटाच बिघडलाय. इथं तर एकजात सगळे खोटारडे."

हे ते मला सांगत होते. मी दुकानाच्या दारापाशी डोक्यावर पदर घेऊन, हातात ओटीची पिशवी धरून उभी होते. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी सुनेने अंबाबाईची ओटी भरली नाही, या निमित्ताने मामांनी मला कोल्हापूरला आणलं होतं. एरवी त्यांच्याबरोबर माझे यजमान आले असते, पण साखर कारखान्याचा हंगाम चालू होता आणि त्यांना रजा नव्हती. ओटी भरून झाली आणि तिथून आम्ही थेट महाद्वार रोडच्या बोळातल्या या दुकानात आलो. कासमभाई कॅमेरे विकतही आणि दुरुस्तही करत.

मामा म्हणजे माझे सासरे, गुरुसिद्ध शिंत्रे. गडहिंग्लज त्यांना आप्पा म्हणे. आमच्या भागातलं लग्न दोन माणसांशिवाय लागत नाही, एक भटजी आणि दुसरे शिंत्रे आप्पा, असं लोक म्हणायचे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला दांडीवर बसवलेला मोठा फ्लॅश आणि त्याची बॅटरी खांद्यावरच्या चामडी पिशवीत, असा त्यांचा सरंजाम असे. फ्लॅश चालू केला की आत वीज भरू लागते आणि भरताना त्यातून बारीक शिट्टी निघते. जशी वीज भरते तशी शिट्टी चढत जाते, आणि पुरता भरला की थांबते. मग बटण दाबायचं. फ्लॅश भरल्याची खूण म्हणून पाठीमागे एक लाल दिवाही असतो, पण मामांनी त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. त्यांच्या फ्लॅशचा दिवा तर कधीचा गेलेला होता.

"दिव्याकडं बघायला गेलं की नवरीचा चेहरा निसटतो," ते म्हणायचे. "डोळा माणसावर, कान फ्लॅशवर. इतकंच शिकलोय मी, आणि तेवढ्यावर घर चाललंय."

पण अलीकडे घर चालत नव्हतं. लग्नांचे फोटो काळे येऊ लागले होते. पहिल्यांदा नेसरीच्या एका लग्नात असं झालं. अंतरपाट खाली आला त्या क्षणाच्या फोटोत नवरीच्या जागी नुसती काळी सावली. मुलीच्या सासूने तो अपशकुन धरला आणि स्टुडिओत येऊन नाही नाही ते बोलून गेली. मामांनी फ्लॅश कासमभाईंकडे दिला. त्यांनी उघडून बघितला आणि सांगितलं, आप्पा, याला काही झालेलं नाही, दिवा तेवढा गेलाय, लावून देऊ का? मामा म्हणाले, दिव्याचं काय लोणचं घालू? आणि फ्लॅश तसाच परत आणला. पुढच्या लग्नात पुन्हा तेच झालं. मग लोक स्टॅंडजवळच्या नव्या स्टुडिओकडे वळायला लागले. आमच्या घरात जेवताना कुणी बोलेना. शेवटी एकदा यजमान बोललेच, "आप्पा, आता बास करा. ते स्टुडिओचं शटर एसटीडी बूथला देऊ. चांगलं गिऱ्हाईक आलंय."

मामांनी ताटातली भाकरी मोडली आणि म्हणाले, "केसरकर गुरुजींच्या पोरीचं लग्न तेवढं होऊ दे. त्याचे फोटो काळे आले तर मीच कॅमेरा पेटीत ठेवतो. मग तुम्ही तिथं बूथ घाला, नाहीतर म्हैस बांधा."

केसरकर गुरुजींच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो मामांनी काढले होते. गावात इतकी चर्चा होऊनही ते घरी येऊन सांगून गेले होते, पोरीचं लग्नही आप्पाच काढणार, मी दुसऱ्याला ओळखत नाही. असा विश्वास मोठा जड असतो. मामा त्या दिवसापासून नीट झोपले नव्हते. जुना फ्लॅश बेइमान झालाय तर नवा घ्यावा, एवढाच त्यांना मार्ग दिसत होता, आणि म्हणून आम्ही कासमभाईंच्या दुकानात उभे होतो.

मला त्या स्टुडिओचं का वाटावं, असं कुणी विचारेल. माझं माहेर शेणगावचं, घरात फोटो म्हणून देवांचेच. सासरी आल्यावर अल्बम लावायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी मी फोटो पसरून बसे आणि मामा उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारत, "यातला कुठला ठेवू गं?" मी सांगे. ते का म्हणून विचारत, आणि माझं कारण पटलं तर नुसतं "हं" म्हणत. त्या एका 'हं'साठी मी घरातली कामं भराभर उरकत असे. शटर बंद झालं असतं तर ते 'हं'ही गेलं असतं.

"वैजयंता, अशी जवळ ये," मामांनी हाक मारली. "तूही ऐक. नाहीतर घरी जाऊन सांगशील, म्हातारा उगाच नावं ठेवतो."

मी पुढे झाले. त्यांनी काउंटरवर फ्लॅश ठेवून चालू केला आणि मी तो उचलून कानाशी धरला. आमच्या घरात सून सासऱ्याच्या हातून काही घेत नसे. चहाचा कपसुद्धा मी समोर टेकवून मागे सरत असे. अंगाला अंग लागणं तर दूरच, पदर लागला तरी सासूबाईंच्या कपाळाला आठी पडे. फ्लॅश माझ्या कानाशी होता आणि मामा हातभर अंतरावर कान देऊन उभे होते. शिट्टी निघाली. आधी जाड, मग बारीक.

"थांबली," मामा म्हणाले. "आता मारला की बघ कसा फिकट पडतो."

शिट्टी थांबली नव्हती. माझ्या कानात ती चढतच होती, सुईच्या टोकासारखी बारीक होत वर वर चालली होती. मी फ्लॅश घट्ट धरून उभी राहिले. कितीतरी वेळाने ती आपसूक बंद पडली आणि पाठीमागचा लाल दिवा लागला.

मी वर पाहिलं. मामा माझ्याकडेच बघत होते. मी घाईघाईने कासमभाईंकडे वळले, तर कासमभाईंनी नजर खाली घातली आणि ते रिकामे खोके लावायला लागले. तेव्हा मला कळलं की त्यांनाही माहीत आहे, आणि बहुधा पहिल्या खेपेपासून माहीत आहे.

"काय, बरोबर ना माझं?" मामांनी विचारलं.

"हो मामा," मी म्हणाले.

 मग त्यांनी आणखी फ्लॅश मागितला नाही. "कोपऱ्यावर जाऊन पान खाऊन येतो," म्हणाले आणि चपला घालून बोळात उतरले.

ते गेल्यावर कासमभाईंनी खोके बाजूला सारले. "ताई, तुमच्या ध्यानात आलं ना?"

"आलं."

"पन्नाशीनंतर बारीक आवाज आधी जातात. माझ्या वालिदांचंही असंच झालं होतं. बोललेलं सगळं ऐकू यायचं, पण बारीक आवाज तेवढे हरवले. आप्पांना वाटतं शिट्टी थांबली, फ्लॅश तर अजून निम्मासुद्धा भरलेला नसतो. आता त्यांना हे सांगणार कोण? मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या कानावर ते जन्मभर जगले, त्यालाच नाव कसं ठेवायचं?"

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दोन उंदीर तयार होते, पण हात कुणाचाच पुढे होत नव्हता. मला एकदम रडू आलं. मी कुणाच्याही दुकानात रडणारी नव्हे, पण मला मामा दिसत होते, त्या काळ्या फोटोंचा गठ्ठा घेऊन दिव्याखाली बसलेले, फ्लॅश उलटासुलटा करून बघणारे. आपल्या कानाचा दोष आहे ही शंका त्यांना शिवलीही नव्हती.

माझ्या हातातल्या ओटीच्या पिशवीतच त्यांचा जुना फ्लॅश होता. मी तो काढून काउंटरवर ठेवला. "याचा दिवा लावून द्या," मी म्हणाले.

कासमभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. मामा पान खाऊन परत येईपर्यंत फ्लॅश उघडून, तार जोडून, दाण्याएवढा लाल दिवा बसवूनही झाला होता.

"मामा," मी पदर सावरून सुरुवात केली, "कासमभाई म्हणतात, हल्ली सगळ्याच फ्लॅशना ही खोड आहे. शिट्टी आधी थांबते आणि भरणं मागून पुरं होतं. पूर्वीचे फ्लॅश जुने झाले की त्यांनाही ती लागते. तेव्हा नवा घेऊन उपयोग नाही. जुनाच ठेवायचा आणि दिव्यावर भरवसा ठेवायचा."

एवढं मोठं खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. कासमभाई मान डोलवत होते, जरा जास्तच.

"दिव्यावर," मामा म्हणाले. "आणि दिवा बघणार कोण? माझा डोळा तर नवरीवर."

"मी बघते."

"तू?"

"बॅटरीची पिशवी मी घेते. ती जड आहे, तुमचा खांदा दुखतो, असं आत्तींना सांगू. मी मागे उभी राहीन. दिवा लागला की हळूच 'मामा' म्हणेन."

मामांनी फ्लॅश उचलला, त्या लाल ठिपक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं," ते म्हणाले. "फ्लॅशच खोटं बोलतोय म्हटल्यावर दुसरं काय करणार?"

सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी, अर्थातच आकाशपाताळ एक केलं. शिंत्र्यांची सून चारचौघांत पिशवी अडकवून फिरणार म्हणजे आता काय उरलं, असं त्यांचं म्हणणं. मामा शांतपणे म्हणाले, "मग तू चल. पिशवी तू धर." सासूबाईंचे गुडघे काही त्यांच्या बाजूने नव्हते. बोलणं तिथंच थांबलं.

केसरकर गुरुजींच्या पोरीचं लग्न भर दुपारी होतं, पण कार्यालयात अंधार. खिडक्या माणसांनी भरलेल्या आणि वर जाड कापडाचा मांडव. मी पिशवी खांद्याला अडकवून मामांच्या मागे उभी राहिले. पिशवीतली वायर त्यांच्या फ्लॅशला जोडलेली, त्यामुळे दोघांना एकमेकांपासून लांब जाता येत नव्हतं. बायका माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी कुजबुजत होत्या. सासूबाई पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघायचं टाळत होत्या.

हळद, सीमांतपूजन, सगळं ठीक झालं. दिवा लागला की मी "मामा" म्हणत होते आणि ते बटण दाबत होते. मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटचं कडवं आलं तसे मामा एका बाजूने पुढे सरकले आणि अंतरपाटाच्या टोकाशी गुडघा टेकून बसले. मी त्यांच्या मागे वाकून उभी राहिले. मुलीचा मामा मुलीच्या पाठीशी उभा होता. त्याचा फोटो मामांनी नुकताच उडवला होता, त्यामुळे फ्लॅश पुन्हा भरत होता.

आणि 'सावधान' झालं. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या आणि दाराशी थांबलेला बँड एका दमात सुरू झाला. ताशा, पिपाण्या, सगळं एकदम. मी "मामा, थांबा" म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं नाही. दिवा काळा होता. मामांचं बोट बटणावर होतं आणि त्यांची पाठ ताठ झालेली मला दिसली, म्हणजे ते दाबायच्या बेतात होते. नेसरीचा काळा फोटो मला डोळ्यांपुढे दिसला.

मी हात पुढे केला आणि तळहात त्यांच्या पाठीवर ठेवला.

सगळ्या कार्यालयासमोर, सासूबाईंसमोर, गुरुजींसमोर. मामा जागच्या जागी थिजले. मी हात तसाच दाबून धरला. समोर नवरी खाली मान घालून हार धरून उभी होती. नवरदेवही खाली बघत होता. अक्षता पडतच होत्या. दिवा लागेना. मला वाटलं, क्षण गेला, सगळं माझ्यामुळे गेलं. मग नवरीने हळूच मान वर केली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं, आणि फ्लॅशच्या पाठीवर लाल ठिपका उमटला. मी हात काढला आणि एका बोटाने पाठीवर टिचकी मारली.

कार्यालय लख्ख उजळलं.

त्यानंतर मी "मामा" म्हटलंच नाही. प्रत्येक फोटोला एक टिचकी. जेवणाच्या पंक्तीपर्यंत आमचा हात बसला होता.

संध्याकाळी घरी सासूबाईंनी विषय काढलाच. "सासऱ्याच्या पाठीला हात लावलास म्हणे."

"म्हणे कशाला? तू समोरच बसली होतीस की," मामा कॅमेरा पुसत म्हणाले. "आणि हात कुठं लावला? फ्लॅशला दिवा लागलाय, तसं मला बटण लागलंय. कंपनीकडून असंच येतं हल्ली."

सासूबाईंना हसू आवरलं नाही, आणि एकदा हसल्यावर त्यांना पुन्हा रागावता येईना.

फोटो लॅबमधून आले तेव्हा मामांनी पाकीट उघडलं नाही. ते माझ्यापुढे उंबऱ्यावर ठेवलं आणि बाहेर उभे राहिले. मी एकेक काढत गेले. एकही काळा नव्हता. अंतरपाटाच्या फोटोत नवरी नवरदेवाकडे बघत होती, आणि तो अजून खालीच बघत होता, कारण त्याला कळलंच नव्हतं की ती बघतेय. मी तो फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बराच वेळ बघितला.

"लवकर मारला असता तर दोघांच्या टाळक्यांचा फोटो आला असता," ते म्हणाले. मग म्हणाले, "हं."

शटर राहिलं. गुरुजींनी तो फोटो मोठा करून घरात लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. मग मी मामांच्या मागे किती मांडव हिंडले त्याला गणती नाही. फ्लॅश खोटं बोलतो म्हणून सून लागते, असं ते सगळ्यांना सांगत. लोक हसत, मग त्यांनाही सवय झाली.

पुढे मामांचे हात थरथरायला लागले. केसरकर गुरुजींच्याच धाकट्या मुलीचं लग्न होतं. अक्षता पडायला अवकाश होता आणि आम्ही कार्यालयाच्या मागच्या पायरीवर चहा घेत होतो. मामांनी कप खाली ठेवला, गळ्यातून कॅमेरा काढला आणि तो पायरीवर न टेकवता सरळ माझ्या हातात दिला.

"आज तू काढ. पिशवी मी धरतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"अशी बघू नकोस," ते म्हणाले. "असंच बघितलं होतंस कासमभाईच्या दुकानात. शिट्टी थांबली म्हणालो तेव्हा."

मी कप खाली ठेवला. "मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"जन्मभर दुसरं काय केलंय मी? चेहरेच बघितलेत. नवरी रडणार हे तिच्या आईच्या आधी मला कळतं. मग तुझा चेहरा कळणार नाही होय? पान खायला गेलो तो काय पान खायला? बोळाच्या तोंडाशी उभा राहून जरा रडलो, आणि मग आलो."

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"बोलून काय झालं असतं? मला कानाच्या डॉक्टरकडं नेलं असतं, शटर बूथला गेलं असतं, आणि तू चुलीपुढं. तू इतकं मन लावून खोटं बोलत होतीस, म्हटलं, चालू दे. फ्लॅशला खोटं पाडल्याशिवाय तुला उंबऱ्याबाहेर पडता आलं नसतं, पोरी."

 मी पदराने डोळे पुसले आणि कॅमेरा गळ्यात घातला. आत मंगलाष्टकं सुरू झाली होती.

मी अंतरपाटाच्या टोकाशी गुडघा टेकला. मामा मागे पिशवी घेऊन, गुडघ्यावर हात टेकून वाकून उभे राहिले. या खेपेला बँड दाराबाहेर गप्प होता, गुरुजींनी त्यांना दम दिला होता. अंतरपाट खाली आला. डाव्या कानाशी शिट्टी चढत गेली, बारीक झाली, आणि थांबली.

मला ती स्पष्ट ऐकू आली. तरी मी पाठीवरच्या टिचकीची वाट बघत राहिले.